दमलेल्या आईबापांसाठी सत्तर माणसे हवीत : मराठी मंडळ्यांच्या पाळकांना आणि कमिट्यांना खुले पत्र

मराठी मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू, पास्टरेट कमिट्या, पॅरिश कौन्सिल, महिला मंडळे आणि संडे स्कूलचे शिक्षक यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र पाच वर्षांच्या आतली लेकरे असलेल्या घरांविषयी आहे. अशी घरे प्रत्येक मंडळीत आहेत आणि रविवारी ती सर्वांत मागच्या बाकावर किंवा चर्चच्या पायऱ्यांवर सापडतात. त्या घरांतले आईबाप दमलेले आहेत. ते तसे बोलून दाखवत नाहीत, कारण बोलले की उत्तर ठरलेले असते : "प्रार्थना वाढवा, प्रभू शक्ती देईल." प्रभू शक्ती देतो, यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. ती तो कोणत्या वाटेने देतो हे पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे, आणि त्या वाटेवर मंडळीने कोठे उभे राहायचे तेही लिहिलेले आहे. तेच तुमच्यापुढे मांडायचे आहे.

गणनाच्या अकराव्या अध्यायात मोशे देवापुढे तान्ह्या लेकराच्या आईसारखा बोलतो. या सगळ्या लोकांना मी पोटात वागवले का? मी यांना जन्म दिला का? दाईने तान्हे उराशी धरावे तसे यांना उचलून न्यायला तू मला का सांगतोस? हे ओझे मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. एवढे टोकाचे बोलणे एखाद्या आईने घरसभेत केले, तर तिला काय काय ऐकून घ्यावे लागेल याचा विचार करा. ओझ्याच्या या तक्रारीवर देव मोशेला रागावत नाही, उपास धरायलाही सांगत नाही. तो म्हणतो, वडीलजनांपैकी सत्तर माणसे माझ्याकडे घेऊन ये. तुझ्यावरच्या आत्म्यातून काही घेऊन मी त्यांच्यावर ठेवीन, आणि ते तुझ्याबरोबर लोकांचा भार वाहतील. आत्मा मिळतो तो सत्तर जणांना मिळतो, आणि ओझे वाटून घेण्यासाठी मिळतो.

एलीयाचेही तसेच. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या संदेष्ट्याला दूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर, होरेबवर पोहोचल्यावर येतो. आधी झोप आणि जेवण, मग बोलणे. घरभेटीला जाताना आपण नेमका हा क्रम उलटा करतो. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड होत नव्हती असे वाचतो, तेव्हा प्रभू त्यांना आणखी एक जबाबदारी देत नाही. एकान्ती चला आणि थोडा विसावा घ्या, असे म्हणतो. दोन वर्षांचे एक आणि चार महिन्यांचे एक अशी लेकरे असलेल्या बाईला जेवायला सवड होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तिला विसाव्याला बोलावणारे मात्र कोणी नाही.

या थकव्याचा हिशोब घरभेटीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पिते. एकदा पाजणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि पुन्हा झोपवणे यात पाऊण ते एक तास सहज जातो, म्हणजे दोन पाजण्यांच्या मध्ये आईच्या वाट्याला सलग झोप दीड-दोन तासांचीच येते. बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरते. आता आपल्या रिवाजाकडे पाहा. पहिलटकरीण माहेरी असते, सव्वा महिना किंवा तीन महिने तिथे हात असतात. ती सासरी किंवा पुण्या-पिंपरीच्या दोन खोल्यांत परत येते तेव्हा बाळ अजून रात्री उठतच असते, नवऱ्याची शिफ्ट सुरू झालेली असते आणि मंडळीच्या भेटी संपलेल्या असतात. दुसऱ्या बाळंतपणात तर पुष्कळदा माहेरही नसते, आणि "तिला आता सगळे येते" म्हणून मंडळीतले कोणी फिरकत नाही. खरे पाहता दुसऱ्या खेपेला मोठे लेकरू दुपारी झोपत नाही, त्यामुळे बाळ झोपले की आईने झोपावे हा सल्लाही निकामी होतो. जुळी असलेली घरे, विधवा किंवा एकट्या आया, अपंग लेकराचे आईबाप, लग्नामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांनी तोडलेली जोडपी यांच्या घरी हात सर्वांत कमी असतात, आणि मदतीच्या यादीत ती घरे सर्वांत खाली असतात.

म्हणून पहिली विनंती डब्याची. महिला मंडळाने बाळंतिणीच्या घरी डबा पोहोचवण्याची पाळी लावावी आणि ती बाळाच्या जन्मतारखेपासून मोजू नये. बाई स्वतःच्या घरी परत येते त्या दिवसापासून मोजावी. आठवड्यातून तीन डबे, सहा आठवडे, म्हणजे अठरा डबे. नऊ घरांनी दोन-दोन डबे घेतले की पाळी पूर्ण होते आणि कोणावर भार पडत नाही. डब्यात भाकरी किंवा पोळ्या, घट्ट वरण किंवा मुगाची खिचडी, एक पालेभाजी, आणि मोठ्या लेकराला खाता येईल असे बिनतिखटाचे काहीतरी असावे. एका हाताने खाता येतील असे अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू असले तर उत्तम, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. डबे परत करायचे नसावेत. नऊ घरांचे डबे घासून कोणाचा कोणता ते लक्षात ठेवणे हे नवेच काम होऊन बसते. निघण्यापूर्वी फोन करावा, दारात डबा द्यावा, आणि ती आग्रहाने आत बोलावत नसेल तर दहा मिनिटांत निघावे. चहा तिने करू नये. सर्दी-खोकला असेल तर डबा दुसऱ्याच्या हाती पाठवावा, बाळाचे पापे घेऊ नयेत, हात धुतल्याशिवाय त्याला उचलू नये. बहुतेक ठिकाणी ही पाळी तिसऱ्या आठवड्यात मोडते, आणि कारण नेहमी तेच असते : "कोणी तरी नेईल." प्रत्येक तारखेसमोर एक नाव आणि एक राखीव नाव लिहिले असेल तरच ती टिकते. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत विधवांची हेळसांड होऊ लागली तेव्हा प्रेषितांनी त्यावर संदेश दिला नाही, सात माणसे नेमली. त्या सातांची नावे प्रेषितांची कृत्ये अध्याय सहामध्ये आजही वाचता येतात.

दुसरी गोष्ट बापांविषयी, आणि ती व्यासपीठावरून पुरुषाने सांगायला हवी. मार्टिन ल्यूथरने 1522 साली विवाहावर लिहिताना लेकराचे लंगोट धुणाऱ्या बापाची गोष्ट काढली आहे. लोक अशा बापाला हसतात, पण तो विश्वासाने ते करत असेल तर देव आणि सर्व देवदूत आनंदाने हसतात, असे त्याने म्हटले. पाचशे वर्षे झाली. आपल्याकडे लग्नाआधीच्या समुपदेशनात पतीने मस्तक असण्यावर तास जातो आणि रात्रीच्या लंगोटांवर एक मिनिटही जात नाही. समुपदेशनात हे सांगता येईल : रात्री नऊ ते एक ही वेळ बापाची. आईने साडेआठ-नऊला पाजून दुसऱ्या खोलीत, नाही तर निदान भिंतीकडे तोंड करून झोपावे. त्या चार तासांत बाळ उठले तर बापाने दुपटे बदलावे, खांद्यावर घेऊन फिरवावे. खरोखर भूक असेल तर आधी काढून ठेवलेले आईचे दूध वाटी-चमच्याने पाजावे. काढलेले दूध 25 अंशांच्या आत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. नगर-जालन्याच्या उन्हाळ्यात खोलीतल्या तापमानाचा भरवसा धरू नये, सरळ फ्रिजमध्ये ठेवावे. दूध काढणे जमत नसेल तर बापाने बाळ फक्त पाजायला आणून द्यावे आणि पाजून झाले की ढेकर काढण्यापासून पुढचे सगळे स्वतः करावे. सलग चार तासांच्या झोपेने दुसऱ्या दिवशीची आई वेगळी असते. आठवडाभरात घरातल्या सर्वांना तो फरक दिसतो. बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे आणि बापाने सोफ्यावर बाळ छातीवर घेऊन डुलकी काढू नये, हेही त्याच बैठकीत सांगून टाकावे.

आता आजाराविषयी, कारण इथे मंडळीकडून सर्वांत जास्त नुकसान होते. प्रत्येक थकवा आत्मिक नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळंतपणात गेलेले रक्त आणि वर पाजणे, त्यात जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तिला वचन वाचूनही उभारी येत नाही आणि ती स्वतःच्या विश्वासाला दोष देते. भेटीला जाणाऱ्या बहिणीने आधी विचारावे : हिमोग्लोबिन कधी तपासले? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक गोळी घ्यायची असते आणि ती आशाताईकडून किंवा सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत मिळते. पुष्कळ जणी पोट बिघडते म्हणून दोन आठवड्यांत सोडतात. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर बरे लागते. पहिल्या वर्षात थायरॉईडही बिघडू शकते, ती तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

मनाच्या आजाराचे लक्षण वेगळे. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक बायांना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. दोन आठवडे उलटूनही ते तसेच असेल, किंवा वाढत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. महिला मंडळाच्या भेटपथकाने दोन प्रश्न पाठ करून ठेवावेत. गेल्या महिन्याभरात मन खचलेले, उदास, निराश असे वारंवार वाटले का? आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, आनंद होत नाही, असे वारंवार झाले का? एकाचेही उत्तर हो आले तर डॉक्टरांकडे नेण्याची तारीख तिथेच ठरवावी. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येतात का, हेही शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे, फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कारण सर्वांसमोर तो लिहून घेणे कोणाला जमत नाही.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एखादी बाई रात्रच्या रात्र जागी राहूनही दमत नसेल, तिला आवाज ऐकू येत असतील, बाळाविषयी भलतेच काही बोलत असेल, तर तो तातडीचा आजार आहे आणि तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे आहे. भूतबाधा समजून रात्रभर हात ठेवून प्रार्थना करत बसल्याने जीव जाऊ शकतो. हात ठेवा, प्रार्थना करा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर. गोळ्या चालू असलेल्या कोणत्याही आईला "आता विश्वासाने सोडून दे" असे सांगणाऱ्याला व्यासपीठ देऊ नका. मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली दवाखाना उभा केला. आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात औषध आणि प्रार्थना एकाच आवारात राहिलेली आहेत.

उपासाचेही इथेच सांगतो. पाजणाऱ्या आईला कडक उपास धरायला लावू नये. कॅथॉलिक मंडळीत उपासाचा नियम 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत असला तरी गरोदर आणि पाजत्या स्त्रियांना त्यातून मोकळीक मानली जाते. इतर पुष्कळ मंडळ्यांत लेखी नियम नसल्यामुळे शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत अशी बाई संकोचाने पाणीसुद्धा पीत नाही. पाळकांनी नाव न घेता, सर्वांसमोर, एकदा मोकळीक जाहीर केली की पुरते.

रविवार हा तर या घरांचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. उपासना साडेनऊची असेल तर आई साडेपाचला उठते. मटण शिजवून ठेवायचे, कारण दुपारी पाहुणे येतात. मोठ्याला शर्ट घातला की तो दूध सांडतो, दुसरा शर्ट ओला असतो. निघताना धाकटा दुपटे भरवतो. तिसऱ्या गीताला ती मागच्या दाराने आत शिरते, पिशवी बाकाखाली सरकवते, आणि पापांगीकाराच्या शांततेत नेमके बाळ किंचाळते. चार माना मागे वळतात. ती उठून व्हरांड्यात जाते, तिथे लाऊडस्पीकर नसतो, तासभर ती चपलांशेजारी उभी राहते आणि आशीर्वादाला आत येते. प्रभुभोजन तिच्याशिवाय झालेले असते. हे महिनोन्‌महिने चालते, आणि मग एका रविवारी ती येत नाही. त्यावर "थंड पडली" असा शेरा बसतो.

इथे कॅथॉलिक धर्मशिक्षणाचा परिच्छेद 2181 सर्व पंथांनी वाचावा. रविवारच्या मिस्साचे, म्हणजे उपासनेला हजर राहण्याचे, बंधन सांगताना त्यात गंभीर कारणासाठी सूट दिली आहे आणि त्या कारणांची उदाहरणे दोनच आहेत : आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल. ही सूट वसईच्या किती आयांना माहीत आहे? आणि उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात याकोब एसावाला काय सांगतो तेही वाचा. लेकरे कोवळी आहेत, शेरडामेंढरांत पाजणारी आहेत, एकच दिवस दामटले तरी कळप मरेल. तू पुढे हो, मी लेकरांच्या चालीने सावकाश येतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातली गरुडाच्या पंखांची ओळ आपण वर्षातून कितीदा तरी ऐकतो. त्याच अध्यायात, वीस ओव्या आधी, मेंढपाळ कोकरांना उराशी धरतो आणि पाजणाऱ्यांना जपून नेतो. दमलेल्या आईला आधी अकरावी ओवी सांगा. एकतिसावीपर्यंत ती तिच्या चालीने पोहोचेल.

लेकरांच्या चालीची उपासना करायला फार पैसा लागत नाही. मागच्या दोन बाकांची जागा मोकळी करून सतरंजी अंथरावी, कापडी पुस्तके आणि लाकडी ठोकळे ठेवावेत. आवाज करणारी प्लॅस्टिकची खेळणी नकोत. व्हरांड्यात एक स्पीकर आणि चार खुर्च्या. वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या, कोपऱ्यात पडदा लावून पाजायची जागा, तिथे पंखा आणि पाण्याचा माठ. सेवकांपैकी एकाचे काम एवढेच की प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या आईबापांना आत बोलावून त्यांच्या हातातले लेकरू सांभाळायचे, किंवा पाळकांनी भाकर आणि प्याला व्हरांड्यात न्यायचा. पाळकांनी महिन्यातून एकदा म्हणावे : "लेकरू रडले तर रडू द्या, आम्हाला त्रास होत नाही." पाळकांच्या तोंडून हे आले की माना वळायच्या थांबतात, कमिटीच्या फलकावर लिहून काही होत नाही. आणि महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात सर्वांसाठी साधे जेवण ठेवावे, ज्यांची लेकरे पाच वर्षांच्या आतली आहेत त्यांच्याकडून कोणताही पदार्थ न मागता. दहा आज्ञांतली शब्बाथाची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि परक्यालाही विसावा देते. घरातल्या सुनेचा विसावा त्या आज्ञेबाहेर कसा राहील?

घरच्या प्रार्थनेविषयी पाळकांचा शब्द चालतो, म्हणून तीही मोजून सांगावी. लहान लेकरांच्या घरात सायंप्रार्थना बहुधा अशी बिघडते : जेवणानंतर, झोपेच्या वेळी, बाप पूर्ण अध्याय वाचतो, लेकरू चुळबुळ करते, त्याला दटावले जाते, आई मध्ये पडते, आणि प्रार्थनेची वेळ म्हणजे ओरडा खाण्याची वेळ हे लेकराच्या मनात बसते. ती जेवणाआधी घ्यावी. शुभवर्तमानातल्या चार-पाच ओव्या, एका भजनाचे ध्रुवपद आणि एक कडवे, लेकराच्या हातात खुळखुळा किंवा छोटे टाळ, आणि "हे आमच्या स्वर्गातील पित्या". पाच मिनिटांत सगळे आटोपते. कॅथॉलिक घरात पूर्ण रोझरीऐवजी एकच दशक घ्यावे : एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मारिया, एकदा त्रैक्याची स्तुती. लेकरू शाळेत जाऊ लागले की वाढवता येईल.

आईबापांच्या स्वतःच्या प्रार्थनेसाठी पहाटेचा तास मागू नका. तो तास त्यांच्याकडे नाही, आणि जो आहे तो झोपेचा आहे. एकशे एकविसाव्या स्तोत्रात आठ ओव्या आहेत, आणि बाळ दिवसरात्रीत निदान आठदा पिते. एका पाजण्याला एक ओवी, दोन आठवड्यांत स्तोत्र तोंडपाठ होते. ते निवडण्याचे कारण त्यातली चौथी ओवी. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. तो जागा आहे म्हणून आपल्याला झोपता येते. चौथ्या स्तोत्राची शेवटची ओवी आणि एकशे सत्ताविसाव्याची दुसरी हेच सांगतात, आणि होडीत उशीवर डोके टेकून झोपलेला प्रभू ते करून दाखवतो. फार दमलेल्या रात्री श्वास घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर" एवढेही पुरते. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांची आई सुझॅना वेस्ली डोक्यावर एप्रन ओढून प्रार्थना करीत असे, हे मेथडिस्ट मंडळ्यांत वारंवार सांगितले जाते. ते सांगताना आयांना लाजवू नका. घरात पुष्कळ लेकरे असताना तिने वेगळी खोली किंवा वेगळा तास मागितला नाही, हातातल्या कपड्यावर भागवले, एवढे तिच्याकडून घेण्यासारखे आहे.

रागाविषयी उपदेश करताना जपा. झोप न मिळालेल्या आईबापांपुढे छडीच्या नीतिसूत्रांवर संदेश देणे धोक्याचे आहे. त्यांना असे काही द्या जे संध्याकाळी साडेसातला उपयोगी पडेल : राग हातात उतरतो आहे असे जाणवले की लेकराला पाळण्यात किंवा चटईवर सुरक्षित ठेवावे, खोलीबाहेर जावे, दोन-तीन मिनिटे पाण्याखाली हात धरावेत, मग परत यावे. बाळ तेवढा वेळ रडल्याने त्याला काही होत नाही. रागाने गदागदा हलवले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि ओरडून झालेच असेल तर लेकराच्या उंचीला बसून म्हणावे, "मी ओरडलो, माझं चुकलं." त्या रात्रीच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड" हे वाक्य तीन वर्षांच्या मुलालाही कळते, कारण त्याने ते नुकतेच पाहिलेले असते.

हे सगळे कोणी करायचे, असा प्रश्न कमिटीत येईल. उत्तर तुमच्या नोंदवहीत आहे. बालकाचा बाप्तिस्मा देणाऱ्या पुष्कळ मंडळ्यांच्या विधीत त्याला वाढवायला साहाय्य करण्याचे वचन उभी मंडळी देते. कॅथॉलिक विधीत धर्मपिता आणि धर्ममातेला विचारले जाते : या लेकराच्या आईवडिलांना त्यांच्या कर्तव्यात मदत करायला तुम्ही तयार आहात का? ते "हो" म्हणतात आणि मग सोन्याची साखळी देऊन मोकळे होतात. त्यांना विचारा की महिन्यातून एक शनिवार, दुपारी तीन ते सहा, लेकरू सांभाळाल का. बालकाच्या बाप्तिस्म्याऐवजी बालअर्पण करणाऱ्या मंडळ्यांनी अर्पणाच्या दिवशीच ही नावे मागावीत. लेकरू सांभाळणाऱ्यांनी एकट्याने येऊ नये, दोघांनी मिळून यावे, आणि आईबाप दोघांनाही ज्यांचा भरवसा आहे अशीच माणसे असावीत. सुरक्षिततेच्या या नियमात भीडभाड ठेवू नये.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण अभिमानाने घेतो. 1882 साली त्या विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे इंग्लंडात वॉन्टेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला दोघी राहिल्या, आणि 1886 साली रमाबाई अमेरिकेत गेल्यानंतर मनोरमेला परत त्याच भगिनींकडे पाठवण्यात आले. भारतातल्या स्त्रियांसाठी रमाबाई गावोगाव व्याख्याने देत होत्या, तेव्हा त्यांचे लेकरू दुसऱ्या बायांच्या हातात सुरक्षित होते. मग 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली. एका दमलेल्या आईच्या लेकराला कोणी तरी सांभाळले, याचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे.

कमिटीच्या येत्या बैठकीत एक वही घालावी आणि ती दोघांच्या हाती द्यावी, एक बाई आणि एक पुरुष. वहीत घर, लेकरांची वये, बाळंतपणाची अंदाजे तारीख, डब्याच्या पाळ्या, धर्मपालकांचे शनिवार, आणि शेवटची भेट कधी झाली ते लिहावे. आजाराची माहिती त्यात लिहू नये. ती भेटणाऱ्या बहिणीजवळ आणि पाळकांजवळ राहावी. वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकांनी पाहावी. ज्या घरासमोर सहा आठवडे काही लिहिलेले नाही, तिथे त्या आठवड्यात फोन जावा.

डिसेंबर येण्याआधी एवढे जरूर करा. कॅरल राऊंडच्या, म्हणजे घरोघरी नाताळची गीते गात जाण्याच्या, यादीत तान्ही आणि लहान लेकरे असलेली घरे सर्वांत आधी घ्या, रात्री आठच्या आत, ढोलकी न वाजवता, दारातच दोन कडवी गाऊन. रात्री दीड वाजता पन्नास माणसांच्या चहाची तयारी करून बसायला त्या आईला लावू नका. केक आणि करंज्यांच्या सामूहिक कामात तिचे नाव लिहू नका. तिच्या घरचा फराळ तरुण संघाने नेऊन द्यावा. नाताळच्या नाटकात तिचे बाळ गोठ्यात ठेवायला हवे असेल तर तालमीला बोलावू नका, त्या दिवशी पंधरा मिनिटे आधी बोलवा. आणि नाटक चालू असताना मोठ्या लेकराला मांडीवर घेऊन कोण बसणार, त्याचे नाव वहीत आधीच लिहून ठेवा.

प्रभूमध्ये आपले,
लहान लेकरांच्या आईबापांबरोबर राबणारे मंडळीजन